गाडी मिसिंग करते : आमच्या गॅरेजची वाटचाल

आम्ही दोघांनी गॅरेज टाकलं तेव्हा जवळ पान्यांचा एक सेट, फटी मोजायचा फिलर गेज आणि सिलेंडरमधला दाब (कॉम्प्रेशन) मोजायला मागून आणलेलं कॉम्प्रेशन मीटर एवढंच होतं. ‘गाडी मिसिंग करते’, म्हणजे एखाद्या सिलेंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाही आणि इंजिन अडखळतं, असं म्हणत कुणी आलं की इंजिन चालू ठेवून एकेका स्पार्क प्लगची वायर काढायची. जी काढल्यावर आवाजात काहीच फरक पडत नाही, तो सिलेंडर मेलेला. काढलेली वायर मोकळी सोडायची नाही, तिला अर्थिंग द्यायचं, हे दोन-चार झटके खाल्ल्यावर कळलं.

मग गाडीच्या कंप्युटरमधले बिघाडाचे कोड वाचणारा स्कॅनर आला आणि आम्ही शेफारलो. पी०३०२ म्हणजे दुसरा सिलेंडर, स्क्रीनवर लिहूनच येतं! पण गाडीचा कंप्युटर बघतो तो क्रँकशाफ्टचा, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्याचा, वेग. चार सिलेंडरच्या इंजिनात दर १८० अंशांना एक धक्का मिळायला हवा. एखादा चुकला की क्रँक क्षणभर मंदावतो, तेवढंच त्याला समजतं. स्पार्क पडला नाही, पेट्रोल आलं नाही की कॉम्प्रेशन गेलं, ते शोधायचं काम आपलंच. आम्ही मात्र कोड वाचायचो आणि पार्ट मागवायचो.

एका गाडीने ही सवय मोडली. गार असताना झकास, गरम झाली की आयडलिंगला, म्हणजे उभी राहून चालू असताना, थरथरायची. कोड दुसऱ्या सिलेंडरचाच. आधी प्लग बदलले, मग ठिणगीसाठी वीज देणारे चारही कॉइल, मग पेट्रोल फवारणारे इंजेक्टर. चौथ्यांदा आल्यावर मालकाने काही न बोलता किल्ली टेबलावर ठेवली. ओरडला असता तरी चाललं असतं.

कॉम्प्रेशन आम्ही तपासलं होतं, पण सकाळी, गार इंजिनावर. या वेळी तापलेल्या इंजिनावर घेतलं. तीन सिलेंडर सारखे, दुसरा बराच खाली. धूर बाहेर सोडणाऱ्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हचा टॅपेट गॅप, म्हणजे व्हॉल्व्हच्या दांडीवर सोडलेली बारीक फट, संपला होता. व्हॉल्व्ह जिच्यावर बसतो ती सीट झिजली की व्हॉल्व्ह आत सरकतो आणि गॅप कमी होतो. तापल्यावर व्हॉल्व्हची दांडी लांबते, मग तो सीटवर पुरता बसतच नाही आणि दाब गळतो. अजून जळला नव्हता, हे नशीब. गॅप सेट केला आणि गाडी शांत झाली. नवे कॉइल-इंजेक्टर उतरवून त्याचे जुनेच परत बसवले आणि पैसे परत केले. त्या महिन्याचा हिशेब पार कोलमडला.

त्यानंतर तपासणीचं बिल वेगळं लावायला लागलो. ‘नुसतं बघायचे पैसे?’ म्हणत काही गिऱ्हाइकं गेली ती गेलीच. पण दुसऱ्या सिलेंडरची कॉइल तिसऱ्यावर लावून कोड पी०३०३ होतो का हे बघायला दहा मिनिटं लागतात आणि तेवढ्यात एक अख्खा पार्ट वाचतो. कोड जागचा हलला नाही तर तीच अदलाबदल प्लगची, मग इंजेक्टरची. प्लगच्या विहिरीत, म्हणजे प्लग बसतो त्या खोल भोकात, तेल दिसलं तर आधी टॅपेट कव्हरचं गॅस्केट. तेलात नवी कॉइल बसवली तर तीही खराब होणार. पी०३०० आला, म्हणजे मिसिंग एका सिलेंडरला धरून नसेल, तर आम्ही फ्युएल ट्रिम, म्हणजे कंप्युटर पेट्रोल किती वाढवतो-घटवतो ते, बघतो. आयडलिंगला वाढलेला आणि २५०० आरपीएमला जागेवर येत असेल, तर बहुतेक वेळा व्हॅक्यूमचा एखादा पाइप फुटलेला निघतो.

एक गोष्ट मात्र आम्ही फोनवरच फुकट सांगतो. चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर गाडी चालवत आणू नका, उचलून आणा. न जळलेलं पेट्रोल धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि कन्व्हर्टर आतून वितळू शकतो.

आज आम्ही पाच जण आहोत, विजेचे सिग्नल पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोपही घेतलाय. त्या गाडीवरून उतरवलेले ते नवे चार कॉइल अजून कपाटात आहेत, वर खडूने ‘चालू’ लिहिलेलं. त्या जातीची गाडी आली आणि कॉइलचा संशय असला की पोरं आधी त्यातलाच एक लावून बघतात.