मस्कतचे भाव आणि मिरकरवाड्याची सुरमई

मस्कतला राहणाऱ्या माणसाला रत्नागिरीत दोन प्रश्न हमखास येतात. पगार किती, आणि तिकडं सगळं महाग का? पहिला मी हसण्यावारी नेतो. दुसऱ्याला नीट उत्तर द्यावं लागतं, कारण त्याच्या भरवशावर कुणीतरी आपल्या पोराचा पासपोर्ट काढायला टाकतो.

सोपं उत्तर रुपयांत असतं. ओमानचा रियाल डॉलरला बांधलेला आहे, 1986 पासून एकाच दराने. एक रियाल म्हणजे साधारण 2.60 डॉलर, आपल्याकडचे सव्वादोनशेच्या वर. या हिशेबाने केस कापायला एक-दीड रियाल सांगितले की इथली मंडळी ‘बापरे’ म्हणतात, आणि पेट्रोल 229 बैसे लिटर सांगितलं की ‘मज्जा आहे बुवा तुझी’ म्हणतात. (हजार बैशांचा एक रियाल. लिटरला पन्नाशीच्या आसपास पडतं. 2021 च्या अखेरीस सरकारने दराला वरची मर्यादा घातली, तेव्हाचा हा आकडा.) दोन्ही आकडे खरे. पण त्यावरून मस्कतमधल्या एकाही माणसाचा महिना कसा निघतो ते कळत नाही.

आमचं ऑफिस रुवीत, मस्कतच्या व्यापारी भागात. चहाच्या वेळी हाच विषय. नवीन आलेला कुणीतरी सुरू करतो: घरभाडं, मुलांच्या शाळेची फी, एप्रिल 2021 पासून लागलेला पाच टक्के व्हॅट. तक्रारीला हरकत नाही, खर्च आहेतच. पण शेजारच्या टेबलावर ओमानी सहकारी बसलेला असतो. त्याला हिंदी चांगलं कळतं, हे आमच्या लोकांच्या गावीही नसतं. आणि मग ते वाक्य येतं: ‘यांना काय, सगळं सरकार देतं.’

इथं माझं डोकं फिरतं. खासगी नोकरीतल्या ओमानी माणसाचं किमान वेतन 2013 साली 325 रियाल ठरलं. आमच्यातल्या बऱ्याच जणांना त्याहून जास्त मिळतात, वर कंपनीचा फ्लॅट आणि वर्षाचं तिकीट. त्या सहकाऱ्याने एकदा शांतपणे विचारलं होतं, ‘तुझं भाडं कोण भरतं?’ समोरचा म्हणाला, ‘कंपनी.’ ‘माझ्या घराचा हप्ता मीच भरतो,’ एवढं बोलून त्याने खजूर पुढे केले. त्याच्या घरी धाकटे दोन भाऊ नोकरीच्या शोधात आहेत, हे मला माहीत होतं. टेबलावरच्या इतरांनी ते कधी विचारलंच नव्हतं.

‘इथं सगळं कसं स्वस्त’ हे कौतुकही तितकंच टोचतं. इस्त्री स्वस्त, गाडी धुणं स्वस्त, घरकाम स्वस्त. ते स्वस्त आहे कारण परदेशी कामगाराला तिथं किमान वेतनाचा कायदा लागू नाही, आणि इस्त्रीवाला एका खोलीत सात-आठ जणांबरोबर राहतो. बहुतेक वेळा तो आपल्याच देशातला असतो आणि कपडे हातात घेऊन तिथंच उभा असतो.

म्हणून मी एक पथ्य पाळतो. भाव सांगायचा तर कुणाच्या पगारातला ते आधी सांगायचं. ‘मी एकटा, घर कंपनीचं, जेवण हाताने करतो, त्यामुळे निम्म्याहून जास्त घरी पाठवता येतात.’ बायको-मुलं नेलेल्या मित्राचं चित्र वेगळं, त्याच्याकडे शाळा आणि भाडं मिळून पगाराचा मोठा हिस्सा जातो, तर तेही सांगायचं. आणि तिथल्या माणसांशी बोलताना निकाल देण्याऐवजी विचारायचं: तुम्ही मासळी कुठून घेता? बाजार कुठल्या वारी भरतो? पगाराची चौकशी न करताही माणूस आपला हिशेब आपणहून सांगतो.

मासळीचंच घ्या. ओमानमध्ये 15 ऑगस्ट ते 15 ऑक्टोबर सुरमई पकडायला बंदी असते. कनद म्हणतात तिला तिकडं. त्या दिवसांत मस्कतमधल्या मत्रहच्या मासळीबाजारात आपली माणसं कुरकुरतात, ‘सुरमई नाही, आणि बाकीच्याचे भाव बघा, लूट आहे.’ दिल्लीवाला म्हणाला तर समजू शकतो. कोकणातल्या माणसाने म्हणावं? आपल्याकडे 1 जून ते 31 जुलै होड्या किनाऱ्याला असतात, तेव्हा सुकटीवर दिवस काढतोच की आपण. मासे अंडी घालतात, बंदी त्यासाठी असते. हे बोलायला लागलं की तिथला कोळी खुलतो. एकाने मला त्या दिवसांत कुठली मासळी घ्यावी ते इतकं नीट समजावलं, की कुरकुर करणाऱ्यांपेक्षा माझा बाजार कमी पैशांत झाला.

आता उलट बाजू, म्हणजे मी गावी आल्यावरची. मिरकरवाडा बंदरावर परगावची मंडळी टोपलीवर वाकून मोठ्याने म्हणतात, ‘एवढीच किंमत? मुंबईत दुप्पट देतो आम्ही!’ आणि घासाघीस न करता नोटा काढतात. मावशी खूश होते, का नाही होणार. पण मागे उभ्या असलेल्या गावच्या बाईला पुढचा भाव तोच ऐकू येतो. तिच्या घरात रियाल येत नाहीत. गल्फवाले यात सगळ्यात पुढे, आणि जमिनीच्या बाबतीत तर विचारूच नका. ‘गुंठा काहीच नाही हो इथं’ हे वाक्य ज्याची तीन मुलं एका घरात राहतात त्याच्या पडवीत बसून बोललेलं मी ऐकलंय.

काकांच्या कलमांच्या बागेत एक नेपाळी राखणदार आहे, बायकोसह तिथंच झोपडीत राहतो. रत्नागिरीच्या बागांत आणि मच्छीमार होड्यांवर नेपाळी माणसं आता ठिकठिकाणी दिसतात. परवा आतेभावाने त्याला विचारलं, ‘तुमच्याकडे सगळं स्वस्त असेल ना?’ तो म्हणाला, ‘मका घरचा, त्याचा भाव ठाऊक नाही. मीठ-तेल पाठीवरून वर न्यावं लागतं, ते इथल्यापेक्षा महाग.’ इथल्या शंभर रुपयांचे तिकडे एकशे साठ नेपाळी रुपये होतात, तो दर तर ठरलेलाच आहे, पण त्याने तो विषय काढला नाही. इथं महाग काय वाटतं, म्हटल्यावर म्हणाला, ‘दवाखाना.’ काकांच्या तोंडावर काकांच्या गावाला नावं न ठेवता खरं ते सांगितलं त्याने.

मग मलाच विचारलं, मस्कतला त्याच्या मेहुण्याला शंभर रियालची नोकरी मिळतेय, जावं का? रुपयांत आकडा त्याने आधीच काढला होता आणि तो त्याला मोठा वाटत होता. मी म्हटलं, खोली कुणाची, जेवण कुणाचं, जादा कामाचे पैसे धरून शंभर की वगळून, आणि एजंट किती घेतोय, हे कळल्याशिवाय शंभरला अर्थ नाही. मेहुण्याकडून करारपत्राचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो म्हणाला. आला की पहिल्यांदा जेवणाची ओळ शोधायची आहे.