आमची वाटचाल: दर १.८ सेकंदांनी एक टक

लोकसंगीताच्या वळणाची गाणी स्वतः लिहायची, स्वतःच गायची आणि पदरमोड करून शंभर-दोनशे एलपी काढायच्या, असे कलाकार प्रत्येक मुलखात होऊन गेले. त्यांच्या रेकॉर्ड शोधणं, धुणं, तपासणं आणि विकणं हा आमचा धंदा. ब्रिटिश लोकगायिका वाष्टी बनियन यांचा १९७० चा विस्मृतीत गेलेला अल्बम २००० साली पुन्हा निघाला, तेव्हापासून या मालाकडे लोक वळले. आम्ही दोघं भागीदार त्याच्या आधीच यात उतरलो होतो. हे मुद्दाम सांगतो, कारण हल्ली सगळेच पहिले असतात.

भांडवल काय, तर एक टर्नटेबल, एक भिंग आणि भागीदाराची वही. तो रेकॉर्ड दिव्याखाली तिरकी धरायचा, मग पूर्ण ऐकायचा आणि मॅट्रिक्स नंबरासकट, म्हणजे लेबलाजवळ कोरलेल्या नंबरासकट, सगळं वहीत उतरवायचा. ओरखड्यावरून सुई गेली की होणारा आवाज म्हणजे टक, तेही मोजायचा. ‘बाजू १, गाणं ३, टक २२.’ आम्ही व्हीजी प्लस, म्हणजे ‘खूप चांगल्याहून थोडी वरची’ प्रत म्हटलं की ती व्हीजी प्लसच.

त्या बावीस टकांचीच ही हकिकत. सत्तरच्या दशकाच्या शेवटी निघालेला एक अल्बम पुन्हा काढण्यासाठी आम्ही दोन वर्षं गायकाच्या घरच्यांचा माग काढला. रीतसर करार केला, आगाऊ रक्कम दिली. त्यांच्याकडची मूळ टेप चिकट झाली होती. त्या काळच्या काही टेपांचा बाइंडर, म्हणजे चुंबकीय लेप धरून ठेवणारा चिकट थर, दमट हवेत ओल धरतो. तशीच वाजवली तर लेप खरवडून यंत्राच्या हेडला बसतो. म्हणून ती ५४ अंशांच्या आसपास आठ तास शेकवली आणि लगेच उतरवून घेतली. आमच्या प्रती प्रेसिंगला गेल्या आणि तेवढ्यात बाजारात दुसऱ्याच एका व्यापाऱ्याची आवृत्ती आली. ‘मूळ टेपवरून’, असं कव्हरवर छापलेलं!

मूळ टेप आमच्या कपाटात होती.

चोरी पकडली मास्तरांनी. निवृत्त शिक्षक, महिन्याला एकच रेकॉर्ड घेणार, पण त्याआधी चार ऐकणार. त्यांचा फोन आला, “अहो, तिसऱ्या गाण्यात शेवटच्या कडव्याआधी दोन टक आहेत. हा ओरखडा मी तुमच्याकडे ऐकलाय.” भागीदाराने वही काढली. मिनिटाला तेहतीस आणि एक तृतीयांश फेरे घेणारी रेकॉर्ड १.८ सेकंदांत एक फेरा घेते, आडवा ओरखडा असेल तर त्याच अंतराने टक येते. त्या व्यापाऱ्याच्या प्रतीत दोन टकांमधलं अंतर नेमकं तेवढंच. आम्ही विकलेली रेकॉर्ड कुणामार्फत तरी त्याच्याकडे पोचली होती. वीस टक संगणकावर पुसले, दोन राहून गेले. विचारलं तर म्हणाला, योगायोग.

आमच्या निम्म्या प्रती पडून राहिल्या. त्यात त्याची नक्कल मूळ म्हणून खपवणारे निघाले, म्हणून लोक आमच्या अस्सल मालावरही शंका घेऊ लागले. भागीदाराने स्वतःचा टर्नटेबल विकला. मास्तर एक दिवस वर्षाचे पैसे आगाऊ ठेवून गेले. पावती घ्यायलाही थांबले नाहीत. दुकान त्यावर तरलं. पुढची वर्षं ठीक गेली.

विषय निघालाच आहे तर सांगतो. कव्हर पाहून रेकॉर्ड घेऊ नका, कव्हर कुणीही छापतं. लेबलाजवळच्या कोऱ्या पट्टीवर कोरलेला नंबर भिंगाखाली पाहा. रेकॉर्ड उभ्या ठेवा. पीव्हीसीची कव्हरं काढून टाका, वर्षानुवर्षं राहिली तर तबकडीवर धुरकट डाग पडतात. अल्कोहोलने एलपी पुसाल तर पुसा, पण अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या लाखेच्या जुन्या तबकडीला तो लावूही नका. आणि ‘फक्त ९९ प्रती’ ऐकून भुलू नका. ब्रिटनमध्ये शंभरच्या खाली राहिलं की खरेदीकर चुकायचा, म्हणून कित्येकांनी तेवढ्याच काढल्या. त्यांतले सगळेच काही चांगले गात नव्हते.

त्या व्यापाऱ्याची आवृत्तीही आता मिळेनाशी झाली आहे. गेल्या आठवड्यात एक तरुण तीच मागायला आला. “ती दोन टकवाली,” म्हणाला, “तीच दुर्मीळ ना?” भागीदार वहीतून मान वर न काढता म्हणाला, “आपण ठेवत नाही.”