नेव्हीची गाठ

लोणंदच्या तळावर त्या रात्री वारा सुटला. राहुट्यांचे पडदे फडफडायला लागले, आमचा एक बांबू कलला, आणि अंधारातून दिंडीतले सत्तरी ओलांडलेले विणेकरी बाबा ओरडले, "अरं साधी गाठ नको, नेव्हीची मारा! नेव्हीची!"

मी टॉर्च धरून उभी होते. हात थरथरला. हे नाव मी घराबाहेर कुणाच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. ती माझ्या आबांची गाठ.

आबा मागच्या कार्तिकात गेले. नेव्हीतून सुटून आल्यापासून त्यांनी माउलींची वारी चुकवली नाही, शेवटची दोन वर्षं गुडघ्यांनी ऐकलं नाही तेवढीच. यंदा त्यांचे टाळ घेऊन मी आळंदीहून निघाले. पहिले चार दिवस नुसते पायांचे गेले. दिवे घाट चढले, जेजुरी मागे पडली, पण फोडांपलीकडे काही सुचत नव्हतं. आबांची आठवण काढायला आले होते आणि आठवत काहीच नव्हतं.

आबा फलटण तालुक्यातले. आषाढी जवळ आली की पालखी दाराशी यायची. समुद्र मात्र त्यांनी भरतीनंतर पाहिला. नेव्हीत स्टोकर, म्हणजे जहाजाच्या पोटातला माणूस. शिक्षण लोणावळ्याला, आयएनएस शिवाजीवर. पुढे विक्रांत ह्या विमानवाहू जहाजाच्या बॉयलर रूममध्ये. विक्रांत म्हटलं की लोकांना डेकवरची विमानं आठवतात. आबांना आठवायची ती खालची धग. ते सांगायचे, "विमान फेकणारी कॅटापल्ट वाफेवर चालायची. वाफ आम्ही द्यायची. आम्हाला विमान दिसायचं न्हाई, नुसता वर धक्का बसल्याचा आवाज यायचा, की समजायचं, गेलं एक."

१९७१ च्या पाकिस्तानशी झालेल्या युद्धात विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले होते. तो बंद ठेवून, कमी वेगानं, जहाज बंगालच्या उपसागरात उतरलं. ४ डिसेंबरला त्याच डेकवरून सी हॉक विमानं कॉक्स बाजार आणि चितगाववर गेली. हे सगळं मी पुढे वाचलं. आबांनी मला सांगितलं ते एवढंच, की त्या दिवसांत अंगातला घाम वाळला असा एक तास आठवत नाही, आणि पाळी संपून वर आलं की डोक्यावर एवढं मोठं आकाश असायचं की पटकन खाली बघावं लागायचं.

एक गोष्ट ते फक्त नीरेवर बोलायचे. मला ती आजीकडून कळलेली. शिवाजीवर त्यांच्या शेजारच्या खाटेवर झोपणारा त्यांचा दोस्त पुढे खुकरी ह्या युद्धनौकेवर गेला. ९ डिसेंबर १९७१ च्या रात्री दीवच्या समुद्रात खुकरीला टॉर्पेडो लागला. १८ अधिकारी आणि १७६ नाविक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. आबांचा दोस्तही परत आला नाही. म्हणून दरवर्षी माउलींच्या पादुकांना नीरा स्नान झालं की आबा घाटावर थोडे बाजूला जायचे आणि तुळशीचं एक पान पाण्यात सोडायचे. आजीनं एकदा विचारलं, "नीरेचा आणि दीवचा काय संबंध?" आबा म्हणाले, "हे पाणी भीमेला मिळतं, पंढरपूर करतं, पुढं कृष्णेतनं बंगालच्या उपसागरात जातं. तिथं मी हुतो. तो तिकडं, अरबी समुद्रात. पण समुद्र आतनं एकच असतोय."

त्या दिवशी दुपारी मीही पान सोडलं. दत्तघाटावर माणसांची एवढी दाटी, की पान गेलं कुठे ते दिसलंच नाही. मग रडू आलं. पायांमुळे नव्हे. शेजारच्या मावशींनी काही विचारलं नाही, पदरानं माझं तोंड पुसलं आणि "चला माउली" म्हणाल्या.

त्याच रात्री लोणंदला ती हाक आली.

वारा पडल्यावर विणेकरी बाबा माझ्याजवळ येऊन बसले. मी कुणाची नात हे त्यांना ठाऊकच होतं, फक्त बोलायला सवड मिळाली नव्हती. म्हणाले, आबा दिंडीत आले त्या वर्षी अशाच वाऱ्यात अर्ध्या राहुट्या झोपल्या होत्या. दुसऱ्या दिवशी आबांनी तळावर पोचल्यावर आधी पाणी मागितलं नाही, दोर मागितला. सगळ्यांना गोल बसवून गाठ शिकवली. कितीही ताण आला तरी न सरकणारी, न आवळणारी. शिकवायचे कसं? विणेकरी बाबांनी आपल्या उपरण्याचं टोक घेतलं, एक छोटा वेढा केला. "हे राऊळाचं दार. माउली खालनं दारातून आत आली. मागं गरुडखांब, त्याला वळसा. आणि आल्या दारानं परत." ओढलं. गाठ बसली.

मला आबांनी हे लहानपणी दारातल्या झोपाळ्याच्या दोरावर शिकवलं होतं, ह्याच शब्दांत. मला वाटायचं, हे त्यांनी माझ्यासाठी रचलंय. नाही, ते वारीतलं होतं. का कोण जाणे, त्याचा मला जास्त आनंद झाला.

आबांना वारीत परकं का वाटलं नाही, हे त्यानंतर रोज थोडं थोडं उलगडत गेलं. पहाटे पहिला भोंगा झाला की उठायचं, दुसऱ्याला तयार, तिसऱ्याला चाल. संध्याकाळी तळावर समाजआरतीला चोपदारांनी दंड वर केला की लाखो माणसं एकदम गप्प. दिंड्यांचे क्रम ठरलेले, कुणी कुणाच्या पुढे घुसत नाही. ह्या सोहळ्याची घडी बसवणारे हैबतबाबा आरफळकर हे शिंदे सरकारांच्या पदरी सरदार होते, आणि आपल्या सातारा जिल्ह्यातले, हे आबा मोठ्या अभिमानानं सांगायचे. त्यांच्या लेखी हैबतबाबा म्हणजे आपल्यातलेच, शिस्तीत राहून भक्ती केलेले.

चांदोबाच्या लिंबाला उभं रिंगण झालं, फलटण आलं. घरचे सगळे रस्त्यावर उभे होते. आजी टाळांना हात लावून बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "दोरी बदल ह्याची, जुनी झालीय." मी बदलली नाही.

वाखरीच्या तळावर, पंढरपूरच्या आदल्या मुक्कामी, दिंडीतला बारा वर्षांचा एक मुलगा खुंटीला दोर बांधत होता. गाठ सारखी सरकत होती. मी त्याच्या शेजारी मांडी घातली. वेढा केला. दार, गरुडखांब, परत दार. त्यानं जिभेचं टोक दातांत धरून दोनदा चुकवलं, तिसऱ्यांदा बसली. त्यानं सगळं वजन टाकून दोर ओढून बघितला.

"ताई, पण सुटते कशी?"

मी त्याचा अंगठा धरला, वळशाच्या पाठीवर ठेवला आणि दाबायला सांगितलं.