चार फुटी टँकमध्ये कोणता एंजल ठेवायचा

काल रात्री साडेदहाला कोल्हापूरहून भाच्याचा फोन आला, आवाजावरूनच कळलं की दुकानात उभा आहे. "मावशी, एम्परर एंजल माशाचं पिल्लू आलंय, एवढंस्सं आहे गं, गडद निळं आणि अंगावर पांढऱ्या गोल गोल रेषा, घेऊन टाकू का?" मी म्हटलं अरे थांब, आधी टँक किती फुटी आहे ते सांग. चार फुटी. मग नाही घ्यायचं. तो बिचारा गप्पच झाला, आणि फोनवर सगळं समजावता येत नाही म्हणून आज बसून नीट लिहितेय, त्याच्यासाठी आणि बाकी ज्यांच्या मनात मरीन म्हणजे समुद्रातला एंजल मासा पाळायचा आहे त्यांच्यासाठीही.

आधी एक सांगते कारण घरी येणारे सगळे हेच विचारतात. गोड्या पाण्यातला तो चपटा, लांब पंखांचा एंजल वेगळा, तो ॲमेझॉनकडचा, त्याचा आणि या समुद्रातल्या एंजलचा नावापलीकडे काही संबंध नाही. समुद्रातल्या एंजलच्या गालावर खाली एक टोकदार काटा असतो, बटरफ्लाय माशाला तो नसतो, दोघांतला फरक तिथेच कळतो. हा काटा जाळीत अडकतो आणि मासा जखमी होतो, म्हणून एंजल जाळीने पकडायचाच नाही, प्लास्टिकच्या डब्यात पाण्यासकट घ्यायचा. दुकानदार जाळी घेऊन आला तर त्याला डबा घ्यायला सांगा, अजिबात संकोच करू नका.

आता एम्पररबद्दल. ते पिल्लू खरंच वेड लावतं, मला मान्य आहे. पण मोठं झाल्यावर ते तसं राहतच नाही, गोल रेषा जाऊन निळ्यावर पिवळे आडवे पट्टे येतात आणि डोळ्यांवर काळी पट्टी, इतका फरक की जुन्या काळी शास्त्रज्ञांनी पिल्लाला वेगळी जात समजून निकोबारवरून वेगळं नाव दिलं होतं. आणि समुद्रात हा मासा 40 सेंटीमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे हातभर. चार बाय दीड बाय दीड फुटाच्या टँकमध्ये काठोकाठ भरलं तरी साधारण 255 लिटर पाणी बसतं, त्यातून दगड आणि वाळूची जागा वजा करा, मग त्या माशाने वळायचं कुठे? एम्परर, कोरान, आपल्या भारत श्रीलंकेच्या किनाऱ्यावर सापडणारा ब्लू रिंग, हे सगळे मोठे एंजल, यांना निदान सहा फुटी आणि दोन फूट रुंद टँक लागतो. "आत्ता घेतो, मोठा झाला की मोठा टँक करतो" असं म्हणणारे मी खूप पाहिलेत, मोठा टँक केलेला एकच पाहिला.

मग चार फुटीसाठी काय? माझं उत्तर कोरल ब्यूटी. दहा सेंटीमीटरच्या आसपास राहतो, जांभळा निळा आणि पोटाकडे केशरी, आणि बुटक्या, म्हणजे लहानच राहणाऱ्या एंजलमध्ये सगळ्यात सोशिक म्हणावा असा. माझ्याकडचा चार वर्षांचा आहे, सकाळी लाईट लागला की दगडांच्या फटीतून बाहेर येऊन दिवसभर दगडावरचं शेवाळ टोचत फिरतो. म्हणूनच टँक नवीन असताना हा आणायचा नाही, दगडावर शेवाळ धरायला, सगळं स्थिर व्हायला निदान पाच सहा महिने जाऊ देत. आणि टँकमध्ये सगळ्यात शेवटी एंजल सोडायचा, कारण आधी सोडला तर तो आख्खा टँक आपला समजतो आणि नंतर येणाऱ्या प्रत्येकाला हाकलतो. बुटके एंजल दोन ठेवू नका, एकच ठेवा.

फ्लेम एंजल पण छान, लालभडक अंगावर काळे पट्टे, फक्त खूप महाग पडतो, कारण तो पॅसिफिकमधल्या लांबच्या बेटांवरून येतो. लेमनपील दिसतो सुंदर पण खाण्याच्या बाबतीत नाजूक. बायकलर, अर्धा पिवळा अर्धा निळा, दुकानात सगळ्यात जास्त दिसतो आणि स्वस्त असतो, तो नवीन माणसाने घेऊच नये असं माझं ठाम मत आहे. मी घेतला होता, सहा वर्षांपूर्वी. रंग एकदम तेजस्वी, पोहायचा पण मस्त, मी दुकानात खाऊन दाखवायला सांगितलं नाही आणि तो माझ्याकडे बाराव्या दिवशी गेला, शेवटपर्यंत एक घास घेतला नाही. आजही वाईट वाटतं. फिलिपिन्स आणि इंडोनेशियाकडे काही ठिकाणी मासे सायनाइडने गुंगवून पकडतात, असा मासा वरून ठणठणीत दिसतो आणि आठवड्या दोन आठवड्यांनी जातो. माझा तसाच होता की नव्हता ते कळायला मार्ग नाही, पण तेव्हापासून मी खाताना पाहिल्याशिवाय एकही मासा घेतलेला नाही.

म्हणून रंगाच्या आधी हे बघा. दुकानदाराला समोर मायसिस (माशांना घालायची फ्रोझन बारीक कोळंबीसारखी जात) किंवा बारीक चिरलेली कोळंबी टाकायला सांगा. मासा लगेच धावला पाहिजे. डोळे स्वच्छ, पोट खपाटीला गेलेलं नको, डोक्यामागचा भाग बसलेला नको, श्वास भराभर चाललेला नको. आणि दुकानात येऊन निदान दोन आठवडे झालेले असावेत. बयाणा देऊन तिथेच ठेवायला सांगितलं तर बरेच दुकानदार ऐकतात.

खात नसेल तर एक उपाय माझ्याकडे दोनदा लागू पडलाय. बाजारातून ताज्या तिसऱ्या आणायच्या, आधी फ्रीझरमध्ये ठेवायच्या म्हणजे किडे वगैरे असतील तर मरतील, मग उघडून अर्ध्या शिंपलीसकट दगडाजवळ ठेवायची. एंजलना असं टोचून खायची सवय असते, निसर्गात ते दगडावरचे स्पंज, शेवाळ असंच टोचून खातात. तासाभराने उरलेलं काढून घ्या नाहीतर पाणी बिघडेल. एरवी नोरी (वाळवलेलं समुद्री शेवाळ), स्पिरुलिना (शेवाळाची पूड) आणि स्पंज घातलेलं फ्रोझन खाणं, दिवसातून दोन तीन वेळा थोडं थोडं. रॉक ब्यूटीसारखे जे जवळजवळ स्पंजवरच जगतात ते कितीही आवडले तरी घेऊ नका, उपाशी मरतात.

कोरल ठेवणाऱ्यांनी लक्षात घ्या, बुटका एंजल मांसल कोरलना आणि झोआंथिड नावाच्या कोरलसारख्या जिवांना टोचू शकतो. माझा टोचत नाही, मैत्रिणीकडच्याने तिची तीन कोरल संपवली, जात एकच. खात्री हवी तर स्वॉलोटेल एंजल घ्या, ते पाण्यात वाहणारं बारीक खाणं टिपतात, कोरलकडे बघत पण नाहीत, पण त्यांना पोहायला मोकळी जागा लागते, उडी मारतात म्हणून वर जाळीचं झाकण हवं, आणि त्यातले बेलससारखे खोल पाण्यातून येणारे असतील तर एप्रिल मे मध्ये चिलरशिवाय, म्हणजे पाणी थंड करणाऱ्या यंत्राशिवाय, जमणार नाही. माझं पाणी मी 25 ते 26 डिग्रीवर आणि सॅलिनिटी, म्हणजे खारेपणा, 1.025 (विशिष्ट गुरुत्व) वर ठेवते.

आणि नवीन माशाला क्वारंटाइन, चार आठवडे, वेगळ्या छोट्या टँकमध्ये. अंगावर पांढऱ्या ठिपक्यांचा रोग आला की लोक घाईने कॉपर म्हणजे तांब्याचं औषध टाकतात, बुटक्या एंजलना कॉपर सोसत नाही, पाण्यातलं कॉपर मोजायचं किट हातात नसेल तर टाकू नका.

भाच्याचा आज पुन्हा फोन होता, एम्परर सोडून दिला म्हणाला. त्याच दुकानात एक कोरल ब्यूटी आहे, आठ दिवस झालेत येऊन. मी त्याला म्हटलं अजून आठ दिवस जाऊ देत, पुढच्या रविवारी मी येतेच आहे ताईकडे, आपण दोघं जाऊ, आणि मायसिसचं पाकीट मी इथून आइसबॉक्समध्ये घेऊन येते.