न विरणारा बुडबुडा

लेझर बंद केला की बुडबुडा विरला पाहिजे. आमची दोन वर्षांची मोजमापे या एका गोष्टीवर उभी आहेत. जुलैतल्या त्या मंगळवारी तो विरला नाही, उलट अंधारात वाढत गेला.

प्रयोग दिसायला साधा आहे. ऑप्टिकल फायबरचे टोक पाण्यात बुडवायचे आणि दुसऱ्या बाजूने १५५० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा लेझर सोडायचा. फायबर १२५ मायक्रोमीटर जाड, म्हणजे जाडसर केसाएवढे, पण प्रकाश ज्यातून जातो तो गाभा जेमतेम नऊ मायक्रोमीटरचा, आणि काजळी चढवायची ती नेमकी तेवढ्यावरच. त्यासाठी लेझर चालू ठेवूनच टोक अल्कोहोलमध्ये मिसळलेल्या काजळीत धरतात. प्रकाश असतो तिथेच कण चिकटतात. दोन-चार सेकंद जास्त झाले तर थर जाड होतो आणि पुढे टोक जळते. त्याआधी क्लीव्हरने, म्हणजे फायबर कापायच्या हत्याराने, घेतलेला काप एक अंशाहूनही कमी तिरका असावा लागतो. याला हात बसावा लागतो, आणि ज्यांचा बसलेला नाही तेच खरेदी समितीत बसून आम्ही फायबर फार संपवतो असे म्हणतात.

काजळी तापली की तिच्यालगतचे पाणी उकळबिंदूच्या बरेच वर जाते आणि बुडबुडा तयार होतो. प्रकाश थांबताच त्यातली वाफ क्षणात पाणी होते. मागे उरलेली हवा सावकाश विरघळते. १९५० मध्ये एपस्टाइन आणि प्लेसेट यांनी मांडलेल्या गणितानुसार हवेने संपृक्त पाण्यातही दहा मायक्रोमीटर त्रिज्येचा बुडबुडा सातेक सेकंदांत संपतो. आमच्या बुडबुड्याने पाच मिनिटांत फायबरचे अख्खे टोक झाकले.

मी फायबर बदलले, मग आणखी दोनदा बदलले. सरांना वाटले, लेझरचा डायोड पूर्ण बंद होत नसावा; पॉवर मीटर मात्र शून्य दाखवत होता. दुपारी कॅमेऱ्यातले चित्र धूसर झाले, म्हणून क्युव्हेट, म्हणजे पाण्याची छोटी काचकुपी, टिश्यूने पुसली, तर ती पुन्हा दवारली. तेव्हा कुठे मी तिला बोट लावले. ती गार होती.

नव्या एम.एस्सी.च्या मुलाने ऊर्ध्वपातित पाण्याचा कॅन ‘स्वच्छ राहावे म्हणून’ फ्रीजमध्ये ठेवला होता. चार अंशांच्या पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे सुमारे १३ मिलिग्रॅम मावतो, पंचवीस अंशांना जेमतेम आठ. तेच पाणी खोलीत तापू लागले की जास्तीची हवा बाहेर पडायला जागा शोधते, आणि ती जागा आम्हीच लेझरने करून देत होतो. मुलावर मी रागावले, पण मग विचार आला की कॅन एरवी कोण भरते? आमचे अटेंडंट मामा वारीला गेले होते. मी फोन लावला.

“ताई, मी रोज सकाळी पाणी उकळून, झाकून गार करतो. नाहीतर काचेला बुडबुडे धरतात आणि तुम्ही लोक माझ्यावरच ओरडता,” ते म्हणाले. मागून टाळांचा आवाज येत होता.

उकळल्याने विरघळलेली हवा निघून जाते, हे आम्हाला शिकवलेले आहे. आमच्या पाठवलेल्या लेखात मात्र फक्त ‘ऊर्ध्वपातित पाणी’ असे लिहिले आहे. सर म्हणतात, एक वाक्य वाढवू आणि पुढे जाऊ. मामांचे नाव आभारात घालावे असे मी सुचवले, तेव्हा सर हसले. मला ते हसणे आवडले नाही.

त्या संध्याकाळी मी गेल्या वर्षीची नोंदवही काढली आणि मामा वारीला गेले होते ते दिवस शोधले. माझ्याच अक्षरात अकरा ठिकाणी लिहिले होते, ‘फायबर खराब, टाकून दिले.’