समुद्राचा वास आणि १२४ प्रकाशवर्षांवरची बातमी

आमच्या मालवणच्या किनाऱ्यावर वाऱ्याबरोबर समुद्राचा जो ओळखीचा वास येतो, त्यात डायमिथिल सल्फाइड या वायूचा वाटा असतो. समुद्रातल्या सूक्ष्म वनस्पती-प्लवकांमुळे तो तयार होतो. एप्रिल २०२५ मध्ये केंब्रिज विद्यापीठातील निक्कू मधुसूदन यांच्या गटाने जाहीर केले, की सिंह राशीच्या दिशेला १२४ प्रकाशवर्षांवर असलेल्या ‘के२-१८ बी’ या ग्रहाच्या वातावरणात हाच वायू, किंवा त्याच्याच जातीचे डायमिथिल डायसल्फाइड, असल्याच्या खुणा जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांत दिसतात. ही बातमी आमच्या मोबाइलवर येईपर्यंत तिच्यातली सगळी सावधगिरी गळून पडली होती आणि ‘भारतीय वंशाच्या शास्त्रज्ञाने परग्रहावर जीवसृष्टी शोधली’ एवढेच उरले होते.

बातमीसोबत निळ्याशार पाण्याने वेढलेल्या ग्रहाचे चित्र होते, आणि माझ्या मते सर्वांत जास्त दिशाभूल त्या चित्रानेच केली. ते चित्रकाराने कल्पनेने रंगवलेले होते. हा ग्रह तसा कोणीही पाहिलेला नाही; दर ३३ दिवसांनी तो आपल्या ताऱ्यासमोरून सरकतो, तेव्हा ताऱ्याचा थोडासा प्रकाश त्याच्या वातावरणातून गाळून आपल्यापर्यंत येतो, आणि कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला गेला यावरून तिथल्या वायूंचा अंदाज बांधावा लागतो. आमच्या शेजारचे काका आयुष्यभर रापणीवर, म्हणजे किनाऱ्यावरून जाळे ओढून मासे धरायला, गेलेले. ते चित्र पाहून त्यांनी मला विचारले, “सर, थंयसर समुद्र आसा म्हणतत. मगे मासो पण आसतलो?” या प्रश्नात हसण्यासारखे काहीच नाही. समुद्र दाखवल्यावर दर्यावर्दी माणूस मासळीच विचारणार. पण पृथ्वीच्या सुमारे २.६ पट त्रिज्येच्या या ग्रहावर मुळात समुद्र आहे की नाही, यावरच शास्त्रज्ञांचे एकमत नाही. हायड्रोजनच्या जाड थराखाली पाणी असावे असे मधुसूदन यांच्या गटाला वाटते, तर तिथे वितळलेल्या खडकाचा थर असू शकेल असेही काही अभ्यासक मांडतात.

खुद्द संशोधकांनी आपल्या निष्कर्षाची खात्री ‘तीन सिग्मा’ इतकी सांगितली होती, म्हणजे अशी खूण निव्वळ योगायोगाने उमटण्याची शक्यता ०.३ टक्के. शोध पक्का मानण्यासाठी पाच सिग्मा लागतात, म्हणजे ती शक्यता ०.००००६ टक्क्यांहून कमी व्हावी लागते, आणि त्यासाठी वेब दुर्बिणीचे आणखी १६ ते २४ तास लागतील असेही त्यांनीच सांगितले होते. थोड्याच दिवसांत इतरांनी तीच निरीक्षणे पुन्हा तपासली, तेव्हा ती कोणताही वायू न धरता काढलेल्या सरळ रेषेशीही जुळतात, म्हणजे त्यांत कोणत्याही वायूची खूण मानण्याची गरज पडत नाही, असे दिसले. शिवाय २०२४ मध्ये ६७पी या धूमकेतूवर, जिथे जीवसृष्टीची कल्पनाही कोणी करत नाही, डायमिथिल सल्फाइड आढळल्याचे रोझेटा यानाच्या नोंदींवरून मांडले गेले होते. म्हणजे हा वायू खरोखर असला, तरी तो सजीवांनीच सोडला असे म्हणता येत नाही.

हे आक्षेप आमच्याकडे आले ते ‘शास्त्रज्ञांचा दावा फसला’ अशा मथळ्याखाली, आणि ज्यांनी आधी अभिमानाने बातमी पुढे पाठवली होती तेच आता ‘हे लोक काहीही सांगतात’ असे म्हणू लागले. मला याचे फार वाईट वाटते. एका गटाने निष्कर्ष मांडावा आणि दुसऱ्याने तो घासूनपुसून पाहावा, हेच तर विज्ञानाचे रोजचे काम आहे. त्यात कोणाची फजिती झालेली नाही. दोष द्यायचाच तर अपुऱ्या पुराव्याला ‘आजवरची सर्वांत भक्कम चिन्हे’ म्हणून मिरवणाऱ्या प्रसिद्धिपत्रकाला आणि त्यातली आकडेवारी न वाचता मथळे देणाऱ्यांना द्यावा.

याच ग्रहाच्या वातावरणात मिथेन असल्याचे याच गटाने सप्टेंबर २०२३ मध्ये मांडले होते, आणि तो निष्कर्ष नंतरच्या तपासण्यांतही टिकला. एवढ्या अंतरावरच्या, पृथ्वीहून मोठ्या पण नेपच्यूनहून लहान अशा ग्रहाच्या हवेतला वायू खात्रीने ओळखता येणे ही केवढी मोठी गोष्ट आहे! ती बातमी मात्र मला आमच्या गावातल्या कोणीही पाठवली नाही.