उलव्यातली बंद घरं

बाईमाणसाला एकटीनं फिरायला नवी मुंबई फार सोयीची आहे, हे आधीच सांगते. स्टेशनं प्रशस्त, रस्ते रुंद, सेक्टर आणि प्लॉटचा नंबर सांगितला की रिक्षावाला नेमका दारात सोडतो. गर्दी असते, पण अंगावर येत नाही. ऐरोलीहून बोटीनं खाडीतले फ्लेमिंगो बघितले, बेलापूरच्या किल्ल्यावर गेले, दिवाळ्याच्या कोळीवाड्यात ताजी मासळी बघत हिंडले. त्यावर कधीतरी सवडीनं लिहीन. आज लिहायचंय ते नवी मुंबईतल्याच उलव्याबद्दल, कारण बार्शीला परत आले तरी ते डोक्यातून जात नाहीये.

उलव्यात माझ्या मावसभावाचा फ्लॅट आहे. "हॉटेलात कशाला पैसे घालतेस, किल्ली घेऊन जा," असं त्यानंच आग्रहानं सांगितलं. नेरूळहून उरणची लोकल पकडून खारकोपरला उतरायचं. या मार्गावर एक गाडी चुकली की बराच वेळ ताटकळावं लागतं, तेवढा एकच ताप.

नवव्या मजल्यावरचं दार उघडलं आणि गटाराचा भपकारा आला. मोरीच्या जाळीखाली थोडं पाणी कायम साठलेलं असतं, ते वास अडवतं. इथं कोणी राहतच नसल्यामुळे ते पार सुकून गेलं होतं. दोन बादल्या ओतल्या तेव्हा वास थांबला. नळातून आधी नुसती हवा आली, मग तांबूस पाणी. दाराच्या मुठींवरचं प्लॅस्टिक अजून तसंच, कमोडवर कंपनीचं स्टिकर. वास्तुशांतीला दूध उतू घालवलं असेल तेवढंच. त्यानंतर त्या ओट्यावर काही शिजल्याची खूण नव्हती. फ्लॅट घेऊन बरीच वर्षं झालीत.

रात्री गॅलरीत उभी राहिले. समोर टॉवरच टॉवर, आणि बहुतेक खिडक्यांत काळोख. आधी वाटलं, लाइट गेलेत. पण जिन्यांतले दिवे तर चालू होते.

खाली वॉचमन काका खुर्ची टाकून बसले होते. जिंतूरकडचे. एकटी आहे म्हटल्यावर "ताई, काही लागलं तर इंटरकॉम करा, मी जागाच असतो," असं स्वतःहून म्हणाले. गप्पा निघाल्या. आमच्या इमारतीत निम्म्याहून जास्त घरं बंद आहेत, म्हणाले. कोणाचा मालक पुण्याला, कोणाचा दुबईला. "रोज मोटर लावायला जातो, तर टाकी उतरलेलीच नसते. वापरायला माणूस पाहिजे ना!" त्यांची स्वतःची खोली गावठाणात. चौघांत मिळून एक. दोघं दिवसपाळीचे, दोघं रातपाळीचे, त्यामुळे झोपायची जागा पुरते. पाणी एक दिवसाआड. बायको आणि मुलगी गावीच. "पोरीला इथल्या शाळेत घालायचं मनात आहे, पण खोलीचं भाडं परवडत नाही."

तक्रार म्हणून नाही, सहज सांगत होते. मला मात्र वर नवव्या मजल्यावर जाऊन त्या दोन बेडरूममध्ये झोपवेना.

दुसऱ्या दिवशी रिक्षा करून जासईला गेले, हुतात्म्यांना नमस्कार करायला. १७ मार्च १९७० ला सिडको, म्हणजे नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी, स्थापन झाली. मुंबईत माणसं मावत नाहीत, त्यांना घरं मिळावीत म्हणून नवं शहर वसवायचं, या कारणासाठी इथल्या ९५ गावांच्या जमिनी संपादनात गेल्या. आगरी-कोळ्यांची भातशेती, मिठागरं, सगळं. योग्य मोबदल्यासाठी दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले आणि १६ व १७ जानेवारी १९८४ ला पोलिसांच्या गोळीबारात पाच जण गेले. पुढे गेलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत द्यायची योजना आली, ती त्या रक्तामुळे. विमानतळासाठी आणखी १० गावं उठली, सुमारे ९० मीटर उंचीची उलवे टेकडी फोडून सपाट केली, उलवे नदीचं पात्र वळवलं.

तिथं उभं राहून माझ्या मनात एकच येत होतं. घरं बांधायला म्हणून शेतकऱ्याकडून जमीन घेतली. घरं बांधलीही. आणि त्यांना कुलूप आहे. २०११ च्या जनगणनेत देशाच्या शहरांमध्ये सुमारे १ कोटी ११ लाख घरं रिकामी सापडली होती, त्यात सगळ्यात जास्त आपल्या महाराष्ट्रात. राहायला घर नाही असं म्हणणाऱ्या राज्यात!

संध्याकाळी मावसभावाला फोन केला. भाड्यानं का देत नाहीस, सरळ विचारलं. "भाडं किती येणार? आणि भाडेकरू घराची वाट लावतात. न वापरलेला फ्लॅट म्हणून विकला की भाव चांगला येतो. अटल सेतू झाला, डिसेंबरपासून विमानंही उडायला लागली. अजून दोन वर्षं थांबायचं." भाडेकरू घर सोडत नाहीत ही भीती खोटी नाही, आमच्या ओळखीत तसं घडलंय. पण याचं बार्शीत घर आहे, पुण्यात फ्लॅट आहे. हे तिसरं. माणूस वाईट म्हणावा तर तसंही नाही. माझ्या आईच्या आजारपणात रात्र रात्र दवाखान्यात बसलेला आहे. मला त्रास होतो तो याचाच. हाव म्हणजे बिल्डरांची आणि पुढाऱ्यांची, असं आपण धरून चालतो. आपल्या घरातल्या प्रेमळ माणसाच्या हावेला आपण 'इन्व्हेस्टमेंट' म्हणतो, आणि त्याचं कौतुकही करतो. घर ही राहायची वस्तू आहे, हे कोणाला आठवतही नाही.

निघायच्या दिवशी काकांनी पनवेलसाठी रिक्षा ठरवून दिली, वर रिक्षावाल्याला बजावलंही, "ताईंना नीट स्टँडवर सोड." मी देऊ केलेले पैसे घेतले नाहीत; चहा मात्र प्यायले.

बसमध्ये बसते न बसते तोच मावसभावाचा फोन. उरणजवळ द्रोणागिरीत घरांची नवी स्कीम निघालीये, एकट्याला जड जातंय, तू निम्म्यात येतेस का? मी नाही म्हणाले. उलव्याचं घर कोणा कुटुंबाला भाड्यानं दे, तुझ्या वॉचमनलाच परवडेल अशा भाड्यात दे, असंही सांगितलं. "बघू," म्हणाला. दिवाळीला तो बार्शीला येतो. तेव्हा मी विषय पुन्हा काढणार आहे, सगळ्यांसमोर.